ज्याला हवंय त्यानं मोजू नये

आमच्या सरांनी आयुष्यात एकही पेंग्विन मोकळ्यावर पाहिलेला नव्हता आणि याचा त्यांना गर्व होता. कॅनडात ज्या मोजक्या लोकांना पेंग्विनांच्या जन्ममृत्यूची बित्तंबातमी असते, त्यांत सरांचं नाव घेतलं जायचं. हे सगळं ते रेजिनात बसून करायचे. रेजिना ही सस्कॅचवानची राजधानी. समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेनं दोन दिवस गाडी हाकावी लागते, आणि तोवर दोन्ही बाजूंना सपाट गव्हाची शेतं. इथं बसून पेंग्विन मोजणं म्हणजे सोलापुरात बसून खेकडे पाळण्यासारखं आहे, असं मी एकदा बोलून गेले. सर सोलापूरचेच. ते म्हणाले, "सोलापुरात माणूस काय वाटेल ते करू शकतो. उन्हानं डोकं शाबूत ठेवलं पाहिजे फक्त."

लोक त्यांना हमखास विचारायचे, "मग अंटार्क्टिकाला दरवर्षी जाता की नाही?" सर म्हणायचे, "जो जातो तो प्रेमात पडतो. प्रेमात पडलेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत." हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भारावून गेले होते. पुढे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, खरं कारण सांगितलं. व्हँकुव्हरहून बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत सरांना समुद्र असा लागला की परत येताना ते विमानानं आले आणि काकू गाडी घेऊन एकट्या फेरीनं. सर समोरच बसले होते. त्यांनी नाकारलं नाही.

मी नागपूरहून मास्टर्स करायला आले होते. बरोबरची सगळी मंडळी टोरोंटोच्या बँकांमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांना लागली आणि मला तेवढं कुणी घेईना. शेवटी सरांच्या छोट्या संशोधन संस्थेत मुलाखतीला गेले. सरांनी एक फोटो पुढे केला. दगड, बर्फ आणि काळे ठिपके. म्हणाले, "किती?" मी विचारलं, "काय किती?" तेवढ्यावर नोकरी मिळाली. माझ्या आधीचे सगळे उमेदवार लगेच ठिपके मोजायला लागले होते म्हणे. मला तर ते ठिपके कशाचे आहेत हेच कळलं नव्हतं, पण हे मी त्या वेळी बोलले नाही.

काम असं होतं. अंटार्क्टिकाच्या टोकाशी एका बेटावर ॲडेली जातीच्या पेंग्विनांची एक वसाहत होती. तिथं खडकात खांब ठोकून कॅमेरे लावलेले. ते दिवसातून ठरावीक वेळी आपोआप फोटो काढत राहायचे. वर्षातून एकदा जहाजानं माणसं जायची, बॅटऱ्या बदलायची आणि फोटोंची कार्डं घेऊन यायची. पक्षी कधी आले, अंडी कधी घातली, किती पिल्लं जगली, हे सगळं त्या फोटोंतून काढायचं. वरून उपग्रहाचीही चित्रं यायची. त्यांत पेंग्विन दिसत नाहीत, त्यांची घाण दिसते. ते खातात क्रिल, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला एक बारीक जीव, त्यामुळे ती घाण गुलाबी असते. बर्फावरचा गुलाबी डाग जेवढा मोठा तेवढी वसाहत मोठी. सर म्हणायचे, प्राणी ओळखायचा तर तो मागे काय ठेवतो ते बघावं, चेहऱ्यावर जाऊ नये. हे म्हणताना ते आमच्या संचालकांच्या केबिनकडे बघायचे.

ऑफिसात 'क्यूट' हा शब्द उच्चारायला बंदी होती. जो उच्चारेल त्यानं सरांच्या गाडीवरचा बर्फ झाडून द्यायचा. पहिल्या हिवाळ्यात मी ती गाडी इतक्यांदा झाडली की सरांना ब्रश विकत घ्यावा लागला नाही. पुढच्या वर्षी मी सुधारले, आणि त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं असावं. कारण डिसेंबरात ते माझ्यापुढे मुद्दाम पिल्लांचे फोटो टाकायला लागले. स्वतः ते खुर्चीत सोलापुरी चादर गुडघ्यांवर घेऊन बसायचे. बाहेर उणे तीस असलं तरी हीटर लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "त्या पोरांचा बर्फ आपल्या हीटरमुळेच वितळतोय." आणि घरी जायला त्यांची भलीमोठी पिकअप ट्रक असायची. त्याविषयी विचारलं की म्हणायचे, "विंटर टायर चांगले आहेत तिचे."

सरांचं एक वाक्य होतं: ज्याला हवंय त्यानं मोजू नये. हे ते शास्त्राबद्दल म्हणायचे, पण लागू करायचे सगळीकडे. पोरानं पोळ्या किती खाल्ल्या हे आईला विचारू नये. व्याख्यानाला गर्दी किती होती हे वक्त्याला विचारू नये. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सेक्रेटरीनं शहराकडून अनुदान मिळवायला भरघोस हजेरी कळवली होती. सरांनी आरतीच्या वेळी हॉलबाहेर जाऊन बूट मोजले आणि महाप्रसादाच्या रांगेत सगळ्यांदेखत सांगितलं, "अर्धे लोक तुमच्या कल्पनेत आले होते. त्यांनी बूट काढले नाहीत." सेक्रेटरी पुढे वर्षभर त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होता.

दुसरा नियम तीन डोळ्यांचा. कुठलाही फोटो एकानं मोजला की तो आकडा धरायचा नाही. तिघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि तिघांचे आकडे जुळले तरच खरं. शास्त्रात ही पद्धत चांगलीच आहे. पण सर ती प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्येही वापरायचे. आमटीत मीठ आहे का हे तिघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात नेऊन विचारायचे आणि मग निकाल जाहीर करायचे. आमटी करणारी बाई तिथंच उभी असायची.

त्यांना बोलवणं हळूहळू बंद झालं त्याला एक दिवस मात्र विशेष कारणीभूत आहे. मंडळातल्या एका डॉक्टरांकडे संक्रांतीचं जेवण होतं. सर पाणी प्यायला किचनमध्ये गेले आणि काउंटरवरची गोळ्यांची बाटली घेऊन बाहेर आले. क्रिलच्या तेलाच्या गोळ्या होत्या. सरांनी बाटली तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही कुणासाठी?"

"माझ्या गुडघ्यांसाठी," डॉक्टर म्हणाले. "जॉइंट्सना खूप हेल्प होते. तुम्ही पण ट्राय करा."

"म्हणजे पेंग्विनांच्या ताटातलं काढून तुम्ही गुडघ्याला घालता."

"अहो सर, एवढ्याशा बाटलीनं काय होतं?"

"क्रिल पकडणारं प्रत्येक जहाज हेच म्हणतं," सर म्हणाले. मग ते खाली बसले आणि बर्फ कमी होतोय, क्रिल कमी होतंय, आता नवीन बर्ड फ्लू पोचलाय, हे सगळं समजावत राहिले. सगळ्यात वाईट पाऊस, म्हणाले. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. कोरडा बर्फ पडला तर ते तग धरतं. हवा तापली आणि पाऊस पडला की लव भिजते आणि पिल्लू बसल्या जागी गारठून मरतं. डॉक्टरांची लहान मुलगी रडायला लागली. "डॅडी, आर दे ऑल गोइंग टू डाय?" सरांनी तिला खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "वी आर काउंटिंग." तिला तेवढ्यानं समाधान झालं नाही, आणि तिच्या आईला तर मुळीच नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमचा प्रकल्प चालायचा टोरोंटोच्या एका प्रतिष्ठानाच्या पैशावर. मी जो प्रोग्राम लिहीत होते तो फोटोत पेंग्विन आपणहून ओळखणार होता, पण त्याला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी हजारो फोटो माणसांनी मोजून द्यायला हवेत. एकेका फोटोचे आम्ही चौकोनी तुकडे पाडायचो आणि प्रत्येक तुकड्यात किती पक्षी ते लिहायचं. कॉलेजची मुलं आठवड्यात कंटाळून पळाली. इंटरनेटवरचे हौशी स्वयंसेवक पिल्लं दिसली की मोजायचे आणि नुसते दगड दिसले की झोपायला जायचे.

तेव्हा सरांना सुचलं. रेजिनाच्या हिवाळ्यात घरोघरच्या बेसमेंटमध्ये एक मोठी फौज रिकामी बसलेली असते. मुलांकडे लांब मुक्कामाला, सुपर व्हिसावर आलेले आईवडील. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर पाय टाकायची सोय नाही. डोळे मात्र शाबूत, कारण जन्मभर तांदूळ निवडलेले. सरांनी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, आणि पुढच्या मंगळवारी आमच्या ऑफिसात सात-आठ आज्या कोटावर कोट चढवून हजर झाल्या. दोन आजोबाही आले होते, पण ते चहा झाल्यावर गेले.

त्या फौजेच्या सेनापती वर्ध्याच्या आजी. पांढरं पातळ, त्यावर सुनेचं जांभळं पफर जॅकेट, पायात नातवाचे बूट. माऊस पहिल्या दिवशी हातात घेतला आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना शिकवत होत्या. एक तुकडा बघायला त्यांना आमच्यापेक्षा निम्मा वेळ लागायचा. दगडाआड नुसती शेपटी दिसली तरी सुटायची नाही. सर त्यांच्यावर बेहद्द खूश होते. संचालकांना म्हणाले, "तुमच्या पीएचड्या घाला चुलीत. जी बाई किलोभर तुरीतून एक खडा काढते तिला पेंग्विन काय अवघड आहे?" तीन डोळ्यांचा नियम अर्थात होताच. प्रत्येक तुकडा तीन आज्यांनी वेगवेगळा मोजायचा आणि मोजताना गप्पा नाहीत. हा नियम पाळताना आज्यांना फार यातना व्हायच्या, पण त्यांनी तो पाळला.

आणि आकडे आले ते काय सुंदर आले. आजूबाजूच्या बेटांवरच्या वसाहती झपाट्यानं खाली जात होत्या. आमची मात्र थोडीशी उतरली आणि तिथंच थांबली. तिघींच्या आकड्यांत कुठंही मतभेद नाही. उपग्रहातला गुलाबी डाग मात्र फिकट पडत चालला होता. मी तो सरांना दाखवला. सर म्हणाले, वर ताजा बर्फ पडला असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवला. म्हणाले, ढगाची सावली असेल. इतरांच्या डागांना त्यांनी असली सूट कधी दिली नव्हती. संस्थेनं पत्रक काढलं की वसाहत तग धरून आहे. प्रसिद्धी खात्यातल्या बाईंनी कॉरिडॉरमध्ये मोठं पोस्टर लावलं, त्यावर लाल मफलर गुंडाळलेला पेंग्विन. तो ॲडेली नव्हता, दुसऱ्याच जातीचा होता. सरांनी त्यावरून एरवी आकाशपाताळ एक केलं असतं. या वेळी म्हणाले, "असू दे. मफलर बरा आहे."

जानेवारीत माझा प्रोग्राम वेड्यासारखं करायला लागला. नुसता बर्फ दाखवला तरी म्हणायचा, एक. कोरा दगड दाखवला तरी एक. मी आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत राहिले. शेवटी वैतागून, तो शिकला कशावरून ते तपासायला बसले, आणि त्या ढिगात मला आमचं पार्किंग लॉट सापडलं. कॅमेरे जहाजावर चढवण्याआधी आम्ही ते ऑफिसच्या मागं लावून बघितले होते. त्यातला एक फोटो चुकून आत शिरला होता. बर्फ, एक खांब, सरांच्या ट्रकचं मागचं चाक. तीन आज्यांनी तो वेगवेगळा मोजला होता, आणि तिघींनी लिहिलं होतं: एक.

मी सगळे रिकामे तुकडे काढून बघितले. जिथं काही नव्हतं तिथं सगळीकडे एक. कुठंही, कुणीही, शून्य लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी मी सरांसमोरच वर्ध्याच्या आजींना विचारलं, "आजी, या फोटोत तुम्हाला पेंग्विन कुठं दिसला?"

आजींनी चष्मा सारखा केला. "नाई दिसला माय. हे तं मोटारीचं चाक आहे."

"मग एक का लिहिलं?"

"मंग काय शून्य लिहू?" आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "लेकराईच्या घरट्यात शून्य कोन लिहिते? तांदळाचा डबा तू पुरा रिकामा करते का कधी? चार दाने ठेवतेच नं बुडाशी. एक मांडून ठेवला, म्हनजे पुढं भरते."

मी बाकीच्या आज्यांकडे बघितलं. त्यांनी एकमेकींशी याविषयी एक शब्दही बोललेला नव्हता. नियमच होता तसा. एक नाशिकच्या, एक साताऱ्याच्या, पण सगळ्यांनी मान डोलावली. एक म्हणाली, "आणि आपलं ते नवस-पूजेचं काम नसलं तरी पिल्लांचंच काम आहे ना." सरांचे तीन डोळे तीन वेगळ्या बायकांचे होते, पण तांदळाचा डबा तिघींच्या घरी एकच होता. सर ज्या सोलापुरात वाढले तिथंही त्यांची आई चार दाणे ठेवत असणार. ही गोष्ट जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाच्या लक्षात आली नसती, पण यांच्या यायला हवी होती.

हिशोब उघड होता. वसाहत भरलेली होती तेव्हा आज्यांच्या या पदरच्या एकामुळं काही बिघडलं नाही. ती जसजशी रिकामी होत गेली तसतसे रिकामे तुकडे वाढले आणि थेंबे थेंबे तळे साचले. आमची तग धरलेली वसाहत म्हणजे आज्यांनी मांडून ठेवलेले चार दाणे होते. सर तिघींचे आकडे जुळले नाहीत तेवढेच फोटो स्वतः बघायचे, आणि इथं सगळं जुळत होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. ज्यांनी मीठ मोजलं, बूट मोजले, डॉक्टरच्या गोळ्या मोजल्या, ते जिथं पोटातून हवं होतं तिथं बरोब्बर फसले होते.

ते आज्यांवर ओरडले नाहीत. चादर घडी करून खुर्चीवर ठेवली आणि संचालकांकडे गेले. मी दाराबाहेर होते, आणि आतला आवाज बाहेर येत होता.

"द पोस्टर इज ऑलरेडी आउट," संचालक म्हणत होते. "रिन्यूअलचा निर्णय महिन्यावर आलाय. कॅन वी नॉट कॉल इट अन्सर्टन?"

"अन्सर्टन मी होतो," सर म्हणाले. "फोटो नव्हते."

"आणि कॉलनी गेली असेल तर टोरोंटोवाले फंडिंग का देतील? जिथं पक्षीच नाहीत तिथं कॅमेरे कशाला?"

"माहीत आहे," सर म्हणाले, आणि बाहेर आले.

म्हणजे सगळं त्या बेटावर येऊन ठेपलं होतं. गेल्या हंगामाच्या फोटोत घरट्यांवर पक्षी असले, अगदी थोडे का होईना, तर वसाहत जिवंत, कॅमेरे राहणार, सरांचा प्रकल्प राहणार आणि माझं वर्क परमिटही. नसले तर सगळं बंद. सरांनी गेला हंगाम पहिल्यापासून स्वतः मोजायला घेतला. आज्यांना सांगितलं, आता यायची गरज नाही. वर्ध्याच्या आजी तरी यायच्या, घरी करमत नाही म्हणून. थालीपीठ आणायच्या आणि कोपऱ्यात बसून राहायच्या. सर खुर्चीत वाकून बसायचे. तुकडा यायचा, ते बघायचे, शून्य दाबायचे. तुकडा यायचा, शून्य. कुणी 'क्यूट' म्हणायला काही उरलंच नव्हतं. मी रोज त्यांच्या गाडीवरचा बर्फ झाडून यायचे. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. शेवटच्या कार्डातला फोटो होता. दोन खडकांच्या मधोमध काहीतरी काळं, खाली पांढरं.

"काही बोलू नकोस," सर म्हणाले. "आजी, तुम्ही आधी या."

आजी उठून आल्या. जवळून बघितलं, लांबून बघितलं. "आहे नं," म्हणाल्या. "हे काय, पोट दिसते त्याचं."

"मी पण एकच लिहिलाय," सर म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता, पण हात चादरीत होते. "आता तू."

मी बघितलं. मला तो हवा होता. माझं सामान दोन सूटकेसमध्ये मावणारं होतं आणि नवीन नोकरी नव्हती. मी फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला, आदल्या दिवशीचा फोटो शेजारी लावला. काळं होतं ती ओल होती आणि पांढरं होतं तो तिच्याखाली साचलेला बर्फ. आदल्या दिवशी तो थोडा जास्त होता. तो दगड होता.

"शून्य, सर."

"नीट बघ माय," आजी म्हणाल्या.

"बघितलं, आजी."

मी म्हटलं, "सर, दोन विरुद्ध एक आहे. बहुमतानं एक धरायला हरकत नाही." मला हे खरंच वाटत होतं, आणि ते तसं धरतील तर मी काही बोलणारही नव्हते.

"आजींना तो हवाय," सर म्हणाले. "मला हवाय. तुलाही हवाय, तुझी नोकरी आहे त्याच्यावर. तरी तू शून्य म्हणालीस. आमच्या दोघांचं धरायचं नाही." आणि त्यांनी शून्य दाबलं. जन्मभर लोकांचे आकडे खोडून काढणाऱ्या या माणसाचा मला मनापासून राग यायचा. त्या दुपारी तो गेला आणि नंतर परत आणायचा प्रयत्न केला तरी आला नाही.

आजी पदरानं चष्मा पुसत होत्या. "मंग आता तिथं ध्यान कोन ठेवन?"

"कुणी नाही. रिकाम्या जागेला पैसे मिळत नाहीत, आजी."

"आन् ते वापस आले तं? कोनाले समजन?"

सरांनी थालीपीठाचा डबा उघडला आणि आम्हाला एकेक दिलं.

टोरोंटोहून अपेक्षित ते उत्तर आलं. पुढच्या जहाजानं माणसं गेली आणि खांब उपटून घेऊन आली. संस्थेनं खुलासा केला तो वेबसाइटच्या अशा कोपऱ्यात की तो शोधायला वर्ध्याच्या आजीच हव्यात. मफलरचं पोस्टर कॉरिडॉरमध्ये अजून आहे असं ऐकते. सर निवृत्त झाले. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा संक्रांतीला बोलावलं, आणि काकूंनी त्यांना किचनमध्ये जाऊ दिलं नाही. मला शेवटी टोरोंटोच्या एका बँकेत नोकरी मिळाली. तिथं आम्ही दिवसभर आकडे मोजतो आणि प्रत्येकालाच ते हवे असतात. वर्ध्याच्या आजी व्हिसा संपल्यावर घरी गेल्या.

तिकडे वसंत सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला, की सरांचा मेसेज येतो. उपग्रहाची साधी चित्रं आता कुणालाही फुकट मिळतात. सर त्या बेटाचं चित्र पाठवतात, आणि खाली एकच शब्द असतो: डाग? स्वतःला काय दिसलं ते लिहीत नाहीत. मी सबवेच्या गाडीत उभी असले तरी तिथल्या तिथं फोटो मोठा करून बघते आणि लिहिते, नाही, सर. ते लिहितात, बरं.

यंदा मी मुद्दाम फोन केला. म्हटलं, "सर, तिसरा डोळा कोण आहे?"

"वर्ध्याच्या आजी. त्यांनाही पाठवतो."

"आणि त्या काय म्हणतात?"

"दरवर्षी म्हणतात, हलकासा गुलाबी आहे."

"मग त्यांचं धरता का?"

"छे," सर म्हणाले. मागं काकूंचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. "धरत नाही. विचारतो मात्र."